खमीर घातलेला बर्फ

८ जानेवारी, सोमवार

आमची ही म्हणाली, "सकाळपासून तेच ते गाऱ्हाणं ऐकतेय. आता मला नका सांगू, लिहून ठेवा." आणि ही डायरी हातात कोंबली. तर लिहितो.

लेकीच्या पाठीचा मणका सरकला आहे. तिच्या बालवर्गातलं एक रडकं पोर उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली. डॉक्टरांनी तिला वरच्या खोलीत कडक गादीवर आडवं केलं आणि बजावलं, "सगळा हिवाळा झोपून काढायचा. वर्गाच्या नादाने उठलात तर थेट ऑपरेशन." जावई बोटीवर. फोनवरून काळजी करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

लेक रडली नाही. म्हणाली, "वर्ग बंद ठेवला तर मुलं कोपऱ्यावरच्या मोठ्या शाळेत जातील, आणि एकदा गेली की परत येत नाहीत." तिची मदतनीस शिक्षिका आधीच तिकडे गेली आहे. त्या शाळेत म्हणे इमारतीच्या आतच घसरगुंडी आहे. फेब्रुवारीत पालक येऊन वर्ग बघतात आणि पुढच्या वर्षाचं ठरवतात. तोवर वर्ग तगला पाहिजे, नाहीतर तिने एकटीने उभं केलेलं सगळं तिच्यासारखंच आडवं होणार. "खाली काही बिघडतंय असं कळलं की मी उठणार," ती म्हणाली. "मणका गेला खड्ड्यात."

तेव्हा मी बोलून गेलो, "मी घेतो वर्ग."

हिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही?"

"बेकरी चालवलीय मी जन्मभर. एकेक कामगार काय नग होता, आठवतंय ना? ही तर अडीच-तीन वर्षांची पोरं."

लेकीला हसू आलं, हसल्यामुळे पाठीत कळ आली, आणि विषय माझ्या गळ्यात पडला.

९ जानेवारी, मंगळवार

कामगार बरे होते.

११ जानेवारी, गुरुवार

आज जरा बसून लिहिता येतंय, म्हणून रीतसर लिहितो.

वर्ग भरतो तो आमच्या खालच्या मजल्यावर, म्हणजे माझ्या जुन्या बेकरीत. पिठाने छाती धरली म्हणून डॉक्टरांनी मला भट्टी बंद करायला लावली, तेव्हा लेकीने दुकान मागून घेतलं. पावाच्या फळ्यांवर आता ठोकळे आहेत. काउंटरच्या जागी गोल चटई. भिंती पिवळ्या. मागच्या खोलीतला लहान ओव्हन आणि माझी परात तेवढी मी हलवू दिली नाही.

मदतीला मावशी आहे. लेकीने वर्ग सुरू केला तेव्हापासून हीच मुलांचे हात-नाक-ढुंगण धुते. कामाला वाघ, पण एक खोड वाईट. मी काही शिकवायला घेतलं की ही बाई फोन तोंडासमोर धरून उभी. किती वाजले ते बघत असावी. घड्याळ भिंतीवर आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं.

मुलांची नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली आहेत. ज्याला उचलताना लेकीचा मणका गेला तो भोंगा. सुरू झाला की गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. दुसरा वकील. त्याला काहीही सांगा, त्याचा उलटतपास सुरू. आणि एक मुलगी आहे, नकोबाई. ती बोलत नाही आणि कशाला हात लावत नाही. दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेते आणि मान हलवते. सगळा वेळ माझ्या मागे उभी असते. का, ते कळत नाही. वारा लागू नये म्हणून मी आडोशाला बरा पडत असेन.

शिकवायचं काय, तर भिंतीवर लेकीने पुठ्ठा लावून ठेवलाय: ‘हिवाळा: हाताने ओळखा’. त्यात मुलांना करायला द्यायच्या वस्तू. कापसाचं धुकं, रंगीत बर्फाची चित्रं, मिठाच्या पिठाचा बर्फाचा माणूस. आमच्याकडे बर्फ पडत नाही, नुसती थंडी पडते, त्यामुळे बर्फ आपणच करायचा. आम्ही लहानपणी थंडीत शेकोटीजवळ बसायचो आणि गप्प राहायचो. तेवढ्याने हिवाळा ओळखू यायचा.

वर जाऊन लेकीला सांगितलं, "सगळं छान चाललंय."

१२ जानेवारी, शुक्रवार

आज बर्फाचं चित्र. कृती अशी: दाढीचा फेस घ्यायचा, त्यात पांढरा डिंक मिसळायचा आणि निळ्या कागदावर मुलांनी तो बोटांनी पसरायचा. वाळला की फुगीर बर्फ दिसतो.

मी ब्रश आणि साबणाच्या वडीने दाढी करणारा माणूस. डबीतला फेस मी आयुष्यात पहिल्यांदा दाबला. जरा जोर लागला. आधी तो भिंतीवर गेला, मग वकिलावर.

वकील म्हणाला, "हे काय आहे?"

"दाढीचा फेस."

"मला दाढी नाही."

"मलाही नाही. मी रोज काढतो."

"आणि परत येते?"

"येते."

"मग काढता कशाला?"

साठी ओलांडली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी गप्प बसलो, तर सगळ्यांनी तो होकार समजून फेस गालाला लावायला घेतला. डिंक त्यात आधीच मिसळलेला होता. बारा वाजता पालक आले तेव्हा एकेकाला पांढरी दाढी, आणि ती निघेना. मावशी कोमट पाणी घेऊन धावत होती आणि मध्येच फोन काढून वेळ बघत होती. अशा प्रसंगात!

मला स्वतःला तो फेस अजिबात आवडला नाही. पीठ कसं हाताला उत्तर देतं. हे नुसतंच बुळबुळीत. मी हात मागे घेतले तर शेजारी नकोबाईनेही घेतलेले. मी म्हणालो, "मलाही नको." तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

वर गेलो. "सगळं छान," म्हणालो.

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या कानात फेस आहे."

१७ जानेवारी, बुधवार

भंबेरी उडाली. रंगीत बर्फाची चित्रं होती. पाण्यात रंग घालून, काडी खोचून, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेले खडे. मुलांनी काडी धरायची आणि बर्फ कागदावर फिरवायचा. आता रंग किती घालायचा हे पुठ्ठ्यावर नव्हतं. केकच्या आयसिंगला मी घालायचो त्या हिशेबाने सढळ हाताने निळा घातला.

काड्या कोणी धरल्या नाहीत. सरळ बर्फच धरला. पुन्हा गालाला लावून बघितला, जिभेलाही. रंग खाण्याचाच होता, ती काळजी मी घेतली होती. पण बारा वाजता भोंग्याची आजी दारात आली, तिने नातवाचे निळे हात, निळे ओठ आणि निळं नाक पाहिलं आणि किंचाळली, "पोर गारठून निळं पडलं हो!" तिने शाल काढून त्याला गुंडाळला. मी सांगतोय की आजी, रंग आहे, रंग. पण ती ऐकेना. त्यात भोंगा सुरू झाला. भोंगा कोणाचा हे आज कळलं, आजीचाच आहे.

मावशीने ओल्या फडक्याने त्याचं नाक पुसून निळं फडकं आजीला दाखवलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. पण बाहेर फूटपाथवर कोपऱ्यावरच्या शाळेचा माणूस पत्रकं वाटत उभा होता आणि आजीने एक घेतलं. मी काचेतून पाहिलं.

लेकीला यातलं काही कळता कामा नये. वर गेलो तर ती उशीत तोंड खुपसून होती, खांदे हलत होते. मी घाबरलो. "दुखतंय का गं?" तर म्हणाली, "नाही बाबा, शिंक आली होती." डोळे पुसत होती. बिचारीला सर्दी झालीय.

२२ जानेवारी, सोमवार

पुन्हा फेस. मुलांनीच मागितला. त्या बुळबुळीत प्रकाराला हात लावायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी युक्ती केली. जाड प्लास्टिकच्या पिशवीत फेस भरला, थोडा निळा रंग टाकला, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि पिशवी टेबलावर ठेवून वरून दाबत बसलो. हात कोरडे आणि पुठ्ठ्यावरचा पाठही पूर्ण.

थोड्या वेळाने पिशवीवर दुसरं एक बोट आलं. नकोबाई. बाहीत गुंडाळलेलं बोट, पण आलं. तिने दाबलं की रंग माझ्याकडे यायचा, मी दाबलं की तिच्याकडे. असं आम्ही बराच वेळ केलं. माझी युक्ती चोरली म्हणून मी काही बोललो नाही. लहान आहे.

मावशी फोन धरून अगदी जवळ आली. मी म्हटलं, "मावशी, वाजले किती?" तर म्हणे, "अं? माहीत नाही." मग बघते काय दिवसभर?

२९ जानेवारी, सोमवार

पालकांचं लक्षण ठीक दिसत नाही. बाराला येणारे आता साडेअकराला येतात आणि काचेला नाक लावून उभे राहतात. आपसात बोलतात, हसतात. मी कापसाचं धुकं शिकवत होतो. मुलांनी मला चटईवर बसवून गळ्यापर्यंत कापसात पुरलं होतं. हलता येईना. काचेपलीकडे सात-आठ तोंडं. माझ्याच फजितीचा तमाशा बघायला लोक लवकर येताहेत, हे स्पष्ट आहे. अशा माणसाच्या हाती मुलं कोण ठेवेल?

वकिलाची आई बँकेत आहे. आज तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, यातून मुलं नेमकं काय शिकतात?" मी म्हटलं, "चौकशी करून सांगतो." तिच्या पर्सच्या कडेने कोपऱ्यावरच्या शाळेचं पत्रक डोकावत होतं.

संध्याकाळी हिला म्हणालो, "माझ्याने नाही होणार. पालक बिथरलेत."

ही म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"दिसतं ना मला."

"तुम्हाला काय काय दिसतं ते मला माहीत आहे," ही म्हणाली आणि कणीक मळायला लागली. या घरात धीर देणारं माणूस नाही.

३१ जानेवारी, बुधवार

पालकांच्या भेटीचा दिवस ठरला, नऊ तारीख. लेकीची कल्पना अशी की फळ्यांवर मुलांनी केलेल्या बर्फाच्या माणसांचं प्रदर्शन मांडायचं. प्रत्येक मुलाचा एक. आदल्या दिवशी करून हीटरजवळ वाळवली की कडक होतात, रंगवली की वर्षभर टिकतात. "बाबा, पिठात अर्ध्याला अर्धं मीठ घाला. लक्षात ठेवा, यात खूप मीठ लागतं."

मी हो म्हणालो. पीठ मळायला मला कोणी शिकवावं, तेही माझ्याच लेकीने! पण आजारी माणसाशी वाद नको.

८ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू? लिहितो.

सकाळी परात काढली. पीठ घेतलं, आणि एवढ्या दिवसांनी हात पिठात गेले तसं मला एकदम बरं वाटलं. मुलं गोल बसून बघत होती, भोंगासुद्धा तोंड उघडं ठेवून गप्प. मीठ घ्यायला डबा उघडला आणि हात थबकला. अर्ध्याला अर्धं! इतकं मीठ मी कोणाच्या पिठात घातलं असतं तर गिऱ्हाइकांनी दुकान पेटवलं असतं. मी म्हटलं, बर्फाचा माणूस झाला म्हणून काय झालं, पिठाचा अपमान नको. चिमूटभर, चवीपुरतं घातलं. मग वकिलाने विचारलं की पीठ कोण दळतं, गव्हाला दुखतं का, तुमची आई कुठे आहे. मी उत्तरं देत मळत राहिलो. हात आपलं काम करत राहिले.

पीठ असं सुरेख झालं की काय सांगू. मुलांनी गोळे केले, मोठ्यावर लहान ठेवला. डोळ्यांना मी मनुका दिल्या, कारण बटणं भोंगा गिळतो. सगळी माणसं एका ट्रेमध्ये ओळीने उभी केली आणि हीटरजवळ ठेवली. मग हात धुणं, दूध, गोष्ट.

गोष्ट संपायच्या आत वकील म्हणाला, "आजोबा, ते येताहेत."

मागे वळून बघतो तर बर्फाची माणसं दुप्पट झालेली. पोटं सुटली होती. माना गायब. शेजारचे एकमेकांत शिरले होते, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर. कडेचा एक ट्रेच्या बाहेर लोंबत होता आणि त्याचा एक मनुकेचा डोळा माझ्याकडे रोखलेला. आमच्या देखत त्या सगळ्या गर्दीने एक सुस्कारा टाकला आणि अजून थोडी फुगली.

मी खमीर घातलं होतं. केव्हा, देवाशपथ आठवत नाही. माझ्या हातांना पीठ दिसलं, हातांनी खमीर घातलं. जन्मभर घातलं, आज कसं विसरतील?

उद्या पालक येणार, फळ्या रिकाम्या, आणि मुलं बाराला घरी जाणार, पुन्हा करून वाळवायला वेळ नाही. मी तिथेच लहान खुर्चीवर बसलो. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती उठणार, खाली येणार, कायमची पाठ घालवून बसणार, आणि ते माझ्या हातून.

तेवढ्यात नकोबाई माझ्या मागून पुढे आली. ट्रेसमोर उभी राहिली. तिने एक हात बाहीतून बाहेर काढला, अख्खा, आणि सगळ्यांत मोठ्या पोटात बोट घातलं. पोट आत गेलं आणि हळूहळू परत वर आलं. तिने दुसरा हात काढला. दोन्ही पंजे पिठावर ठेवले आणि म्हणाली, "हे गरम आहे."

ती बोलते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी म्हटलं, "हो गं, गरम असतं. जिवंत आहे ते." मग काय, सगळ्यांनी पोटं दाबली. मावशीच्या हातातला फोन खाली पडला, तो तिने उचललासुद्धा नाही, नुसती नाक पुसत राहिली. घरात सर्दीची साथ आहे.

पीठ फुगलं की भाजायचं, याखेरीज मला काही येत नाही. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. वास सुटला तसा मुलांनी ओव्हनपासून लांब, मी आखलेल्या रेषेमागे बसून श्वास ओढायचा खेळ काढला. बर्फाची माणसं सोनेरी झाली. निवल्यावर मुलांनी ती खाल्ली. आधी डोळे, मग डोकं. प्रदर्शन पोटात गेलं. एकही उरला नाही.

वर जाऊन "सगळं छान" म्हणालो.

लेक म्हणाली, "बाबा, मला एक ठेवायचा ना."

वास वर गेला असणार. बाकीचं तिला कळलेलं नाही, तेवढंच नशीब.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पालक आले. त्यांच्या घरातली माणसंही आली, भोंग्याची आजीसुद्धा. फळ्या रिकाम्या. मी काही ठरवलं नव्हतं. रात्री अंथरुणात भाषण जुळवलं होतं, ते सकाळी विसरलो. फक्त पीठ मळून ठेवलं होतं. घाबरलो की मी पीठ मळतो.

म्हटलं, "दाखवायला काही नाही. जे केलं होतं ते मुलांनी खाल्लं. तुम्ही आलाच आहात तर बसा चटईवर, बाह्या वर करा."

वकिलाची आई बँकेच्या कपड्यांत होती. ती उभीच राहिली. "पण आजोबा, तुम्ही चौकशी करून सांगणार होतात. यातून शिकतात काय?"

वकीलच बोलला. "आई, हे शिकायचं नसतं. हे दाबायचं असतं. बस."

ती बसली. तो सोडणारा नाही हे तिलाही माहीत असावं. मी प्रत्येकाला गोळा दिला. पहिल्यांदा सगळे लाजले, इकडेतिकडे बघत टोचत राहिले. मग गप्पा बंद झाल्या. भोंग्याच्या आजीने तर डोळे मिटून घेतले होते. बँकेच्या बाईच्या नाकाला पीठ लागलं होतं आणि तिला कोणी सांगितलं नाही.

नकोबाईचे वडील मागे दाराजवळ उभे होते. ट्रक चालवतात, मोठा आडवा माणूस, तोही मुलीसारखाच मुका. नकोबाई उठली, त्यांच्याकडे गेली, त्यांचं एक बोट धरून त्यांना परातीपर्यंत आणलं. त्यांचा हात तिने उचलला आणि पिठावर ठेवला. म्हणाली, "बाबा, हे गरम आहे."

तो माणूस खूप वेळ तसाच बसून राहिला. मग रुमाल काढला. सर्दी त्यालाही. मुलांमुळे पसरते, दुसरं काय.

जाताना सगळ्यांनी पुढच्या वर्षासाठी नावं दिली. सगळ्यांनी! बँकेच्या बाईने पर्समधलं पत्रक काढलं, त्यात उरलेला पिठाचा गोळा गुंडाळला आणि घरी नेला. का दिली नावं, मला अजून कळलेलं नाही. वर्गात दाखवायला एक धड वस्तू नव्हती. वकिलाची आई दारात म्हणाली, "आजोबा, आम्ही रोज बघतो तुम्हाला, घरीसुद्धा." काचेतून बघतात, ते मला माहीतच आहे. घरून कसं दिसतं, देव जाणे.

जिने चढताना गुडघे कुरकुरले नाहीत. लेकीला म्हणालो, "सगळं छान." आज पहिल्यांदा ते खरं होतं. ती माझा हात धरून पडून राहिली. मलाही रडू आलं. सर्दी नव्हे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर आले. पाठ बरी आहे, ऑपरेशन टळलं. पुढच्या आठवड्यापासून लेकीने पट्टा बांधून, खुर्चीत बसून वर्ग घ्यायला हरकत नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही. हिने साखर वाटावी तसा सगळ्यांना चहा पाजला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता सकाळी पेपर वाचीन. दुपारी झोपेन. कोणी दाढीबद्दल विचारणार नाही.

आज दिवसभर तोच विचार करतोय. किती बरं वाटतंय. किती बरं वाटतंय.

४ मार्च, सोमवार

लेक खाली आली. हळूहळू, भिंतीला हात लावत. मावशीने खुर्चीवर उशी ठेवली होती. मुलं चटईवर बसून होती. लेक म्हणाली, "ओळखलं का मला?"

भोंगा येऊन माझ्या मांडीमागे लपला. वकील म्हणाला, "तुम्ही इथे आधी होतात."

"हो, होते ना! आज आपण काय करूया? बर्फाचं पीठ करूया?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "आजोबा करतात ते," वकील तिला समजावत म्हणाला. "तुम्ही बसा. ते दाखवतील तुम्हाला."

लेक हसली. माझी लेक चांगली हसते. पण तिचे डोळे मुलांवरून निघून खाली चटईवर गेले आणि तिथेच राहिले. मला एकदम समजलं. हा वर्ग तिचा राहावा म्हणून आम्ही सगळा हिवाळा जीव टाकला. वर्ग राहिला, पण पाहत होता माझ्याकडे. आणि खरं लिहायचं तर मला ते आवडत होतं. फार आवडत होतं. म्हणूनच माझा मला राग आला.

मी परात पुढे ओढली. पीठ घेतलं, पाणी घेतलं. ओतायला लागलो. पुरे झालं हे माझ्या हाताला कळलं. हात थांबायला बघत होता, मी थांबू दिला नाही. अजून ओतलं. तांब्या संपला, दुसरा घेतला.

"आजोबा, सूप झालं!" भोंगा ओरडला.

"अरे बापरे," मी म्हणालो. "झालं खरं. आता हे कसं नीट करायचं? मला नाही बुवा येत."

वकिलाने परातीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला माझा संशय आला होता, पण पुरावा नव्हता. शेवटी तो खुर्चीकडे गेला आणि लेकीला म्हणाला, "बाई, आजोबांनी बिघडवलं. तुम्हाला येतं का?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. ती या दुकानात पिठाच्या पोत्यांवर बसून मोठी झाली आहे. माझ्या हातून पाणी जास्त पडलेलं तिने कधी पाहिलेलं नाही. कोणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम पीठ बिघडवलं.

"येतं," ती मुलांना म्हणाली. "पण मला वाकता येत नाही. परात टेबलावर कोण ठेवणार? पीठ कोण आणणार?"

सगळे धावले. मावशीने परात उचलली, मुलं वाट्यांनी पीठ आणू लागली, निम्मं वाटेत सांडत. नकोबाईसुद्धा गेली. तिने जाताना एकदा मागे वळून पाहिलं. मी मान हलवली. मग तिचे दोन्ही हात परातीत.

मी हात धुतले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. कोणी मला हाक मारली नाही. मला तेच हवं होतं, तरी मी दोनदा दाराकडे वळून पाहिलं. लिहून ठेवतो, कारण हिला सांगता येणार नाही.

बाराला मुलं गेल्यावर लेक दाराशी आली. "बाबा, इतकं पाणी?"

"हात थरथरला. वय झालं आता."

"थरथरला नाही."

मी बाहीला लागलेलं पीठ झटकलं. ती मग पट्ट्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या वेळेवर खाली या."

"मी कशाला? मी तर आजपासून सुटलो ना."

"शिक्षक म्हणून सुटलात," ती म्हणाली. "आता चटईवर बसा, मुलांमध्ये. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही. आणि फेसाला हात लावावा लागेल."

आत्ता खोलीचं दार लावून बसून बघितलं. मांडी घालता येते. उठताना कोणीतरी हात द्यावा लागेल, एवढंच.